नव्या बॅटरीची वाट पाहायची का?

फोन घ्यायचा विषय घरात निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एवढी घाई कशाला? सॉलिड स्टेट बॅटरी येतेय म्हणे, मग घेऊ.’ इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची असली तरी तेच, फक्त तिथे नाव सोडियमचं असतं. मिनिटभरात चार्ज होणारी, पन्नास वर्षं टिकणारी, कधीच पेट न घेणारी अशा बॅटऱ्यांच्या बातम्या सतत कानावर येतात आणि माणूस थांबतो. माझं उत्तर सरळ आहे: बाजारात न आलेल्या बॅटरीसाठी आज लागणारी वस्तू घ्यायची थांबू नका. मात्र या सगळ्या थापाच आहेत असंही समजू नका. नवी बॅटरी येते, थोडीफार आलीही आहे, पण ती बातमीसारखी एकदम येत नाही. शंका कुठे घ्यायची, आशा कुठे ठेवायची आणि दुकानात काय पाहायचं, ते या लेखात सांगतो.

आधी थोडा मागचा हिशेब पाहू. २००९ मध्ये तोशिबाने मिथेनॉलवर चालणारं एक छोटं फ्युएल सेल जपानमध्ये विकायला काढलं. मिथेनॉल भरा आणि फोन चार्ज करा, अशी ती कल्पना. तीन हजार नग काढले आणि विषय तिथेच थांबला. २०१४ मध्ये स्टोअरडॉट या इस्रायली कंपनीने गॅलेक्सी एस-४ फोन अर्ध्या मिनिटात चार्ज करून दाखवला. दोनेक वर्षांत बाजारात आणू असं तेव्हा बोललं गेलं, पुढे कंपनी गाड्यांच्या बॅटरीकडे वळली. २०१७ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी बॅटरीचं चार्जिंग वेगवान करणाऱ्या ग्राफीनच्या गोळ्यांची बातमी दिली. त्याच वर्षी टोयोटा सॉलिड स्टेट बॅटरीबद्दल २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांची भाषा करत होती. २०२३ मध्ये तीच कंपनी २०२७-२८ म्हणू लागली.

यातलं कुणी फसवत होतं असं माझं म्हणणं नाही. प्रयोगशाळेत ते घडलं होतं, तिथून पुढची वाट लांब निघाली. आज आपल्या खिशात असलेल्या लिथियम-आयन बॅटरीचीच गोष्ट घ्या. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचं मूळ काम सत्तरच्या दशकातलं. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्डमध्ये कोबाल्ट ऑक्साइडचं धनाग्र १९८० मध्ये दाखवलं. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये जपानमध्ये कार्बनचं ऋणाग्र बसवून ती सुरक्षित केली आणि सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिघांना नोबेल मिळालं ते २०१९ साली, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. मधल्या काळात मोली एनर्जी या कॅनडातल्या कंपनीने शुद्ध लिथियम धातूची बॅटरी घाईने बाजारात नेली होती. १९८९ मध्ये जपानमध्ये तिच्यामुळे मोबाइल फोनला आग लागली आणि सगळा माल परत बोलवावा लागला. शुद्ध लिथियम चार्ज होताना काट्यांसारखं वाढतं आणि आतला पडदा भेदून शॉर्ट सर्किट करतं. सॉलिड स्टेट बॅटरीवर काम करणारे लोक पातळ इलेक्ट्रोलाइटच्या जागी घन पदार्थ बसवून ज्या अडचणी सोडवू पाहताहेत, त्यातली ही एक मोठी अडचण आहे. म्हणजे प्रश्न नवा नाही आणि सोपा तर मुळीच नाही.

चांगल्या बॅटरीला बऱ्याच परीक्षा एकदम पास व्हाव्या लागतात. तिच्यात ऊर्जा भरपूर मावली पाहिजे, ती लवकर भरली पाहिजे, शेकडो वेळा भरून-उतरून टिकली पाहिजे, उन्हात आणि थंडीत चालली पाहिजे, पेट घेता कामा नये आणि वर परवडली पाहिजे. एक गोष्ट वाढवली की बहुतेक वेळा दुसरी घटते. जास्त ऊर्जा भरायला जाड थर लावले तर चार्जिंग मंदावतं. वेगाने चार्ज केली तर आयुष्य कमी होतं. प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढ्या सेलवर यातल्या एखाद्या परीक्षेत विक्रम करता येतो आणि बातमी त्याच विक्रमाची होते. तोच पदार्थ किलोमीटरभर लांबीच्या पातळ पट्टीवर सारखा लावून, लाखो सेल एकसारखे काढून, त्यातला क्वचित एखादाच बिघडेल इतकी चोख पद्धत बसवणं हे निराळंच काम आहे. २०१६ मध्ये सॅमसंगला नोट-७ परत बोलवावा लागला. तिथे रसायन जुनंच होतं, सेलची रचना आणि बनावट यांतल्या चुका भोवल्या.

म्हणून बातमी वाचताना पहिल्यांदा हे पाहा: आकडा सुट्या सेलचा आहे, पूर्ण बॅटरीचा आहे की विकायला ठेवलेल्या वस्तूचा? किती वेळा चार्ज करून पाहिली आणि किती तापमानात? माल कोण बनवणार आणि तो कुठल्या वस्तूत येणार, त्या वस्तूचं नाव दिलं आहे का? नुसतं ‘लवकरच’ लिहिलं असेल तर बातमी वाचा, आनंद माना आणि तुमच्या खरेदीत तिला धरू नका.

दुसरं, कागद-पेन्सिल घेऊन साधा गुणाकार करा. जानेवारी २०२४ मध्ये बीटाव्होल्ट या चिनी कंपनीने पन्नास वर्षं चार्ज न करता चालणारी अणुबॅटरी जाहीर केली. निकेल-६३ या किरणोत्सारी पदार्थावर ती चालते. आता तिचा आकडा पाहा: १०० मायक्रोवॉट, म्हणजे एका वॉटचा दहा हजारावा भाग. स्क्रीन चालू असलेल्या फोनला ढोबळमानाने दोन वॉट लागतात असं धरलं, तर अशा वीस हजार बॅटऱ्या जोडाव्या लागतील. प्रत्येकीचा आकार १५ बाय १५ बाय ५ मिलिमीटर, म्हणजे सगळ्या मिळून साधारण २२ लिटर जागा झाली. एक मोठी बादली भरून वर उतू जाईल. एखाद्या सेन्सरसाठी ती चांगली वस्तू ठरू शकते, पण फोनसाठी नाही. हे कळायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही, आकडा शोधायची सवय लागते.

एका मिनिटात चार्ज होणाऱ्या फोनलाही हीच कसोटी लावा. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा मावते. ती एका मिनिटात भरायची तर जवळजवळ १,१५० वॉट लागतात, म्हणजे घरातल्या इस्त्रीइतकी वीज एका बारीक वायरमधून फोनमध्ये जायला हवी. त्यातला दहावा हिस्सा जरी उष्णतेत गेला तरी हातात धरलेल्या फोनचं काय होईल, याची कल्पना करता येते.

आता आशेकडे येतो, कारण तीही तितकीच खरी आहे. सोनीच्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे ८० वॉट-अवरच्या आसपास ऊर्जा मावत होती. आजच्या चांगल्या सेलमध्ये २५० च्या पुढे मावते. कुठल्याही एका दिवशी ‘क्रांती झाली’ असा मथळा न येता हे झालं. थर थोडा पातळ केला, पदार्थ थोडा शुद्ध केला, रिकामी जागा थोडी वाचवली, असं वर्षानुवर्षं चाललं.

गेल्या काही वर्षांतला असाच, पण जरा मोठा बदल म्हणजे सिलिकॉन-कार्बन. एरवी बॅटरीच्या ऋणाग्रात ग्रॅफाइट असतं. लिथियमचा एक अणू धरून ठेवायला त्याला कार्बनचे सहा अणू लागतात. सिलिकॉनचा एक अणू लिथियमचे जवळपास चार अणू धरतो. वजनाच्या हिशेबाने ग्रॅफाइट ग्रॅममागे ३७२ एमएएच साठवतं, सिलिकॉन ३,५०० च्या वर. मग इतकी वर्षं ते का वापरलं नाही? कारण लिथियम आत शिरलं की सिलिकॉन तिपटीच्या वर फुगतं आणि बाहेर पडलं की आक्रसतं. थोड्या दिवसांत त्याचा भुगा होतो. संशोधकांनी सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या सच्छिद्र सांगाड्यात बसवले, म्हणजे फुगायला आतल्या आत जागा राहिली. फोनमध्ये ही बॅटरी २०२३ मध्ये चीनमधल्या ऑनरच्या मॅजिक-५ प्रोमध्ये आली. जानेवारी २०२५ मध्ये वनप्लस-१३ भारतात ६,००० एमएएच घेऊन आला आणि त्याच वर्षी ७,००० च्या वरचे, मध्यम किमतीचे फोन आपल्याकडच्या दुकानांत दिसू लागले. हातात घेतले तर ते जुन्या ५,००० वाल्यांपेक्षा फारसे जाडही वाटत नाहीत. रोज संध्याकाळी चार्जर शोधणाऱ्या माणसाला हा फरक खरोखर जाणवतो.

सॅमसंगचे अल्ट्रा फोन मात्र २०२० पासून २०२५ पर्यंत ५,००० वरच राहिले. याचं एक कारण मालवाहतुकीच्या नियमांत आहे. २० वॉट-अवरपेक्षा मोठा एकेरी सेल नेताना धोकादायक मालाचे जास्त कडक नियम लागू होतात आणि ५,००० एमएएच त्या रेषेच्या जरासं अलीकडे राहतं. काही कंपन्या बॅटरी दोन सेलमध्ये विभागून यातून वाट काढतात. दुसरं कारण सावधपणाचं आहे, आणि तो सावधपणा मला पटतो. सिलिकॉन असलेले फोन अजून तरुण आहेत. चार-पाच वर्षं अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वापरून झालेले असे फोन पुरेसे नाहीत. म्हणून असा फोन जरूर घ्या, पण बॅटरी किती चार्ज सायकलनंतर ८० टक्के राहील, हे कंपनीने लेखी दिलं आहे का ते पाहून घ्या.

हा आकडा शोधायला आता एक चांगली सोय झाली आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला ऊर्जेचं लेबल सक्तीचं केलं. बॅटरी किती सायकल टिकेल तेही त्यावर छापलेलं असतं. ८०० सायकलनंतर निदान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, अशी अट आहे. तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलचं हे लेबल इंटरनेटवर पाहता येतं. भारतात विकल्या जाणाऱ्या मॉडेलची बॅटरी कधी कधी वेगळी असते, एवढं ध्यानात ठेवा. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे ग्राहकाला बॅटरी स्वतः काढता-घालता यावी असाही नियम लागू व्हायचा आहे, त्याला काही सवलती आहेत. माझ्या मते सामान्य माणसाचा यात नव्या रसायनाइतकाच फायदा आहे. बॅटरी सहज बदलता आली तर फोन दोन वर्षं जास्त चालतो.

सॉलिड स्टेटची सुरुवात फोनपेक्षा लहान वस्तूंतून होईल असं दिसतं. जपानच्या टीडीकेने जून २०२४ मध्ये लिटरमागे १,००० वॉट-अवर ऊर्जा साठवणारा पदार्थ जाहीर केला, तो कानातले इअरफोन, श्रवणयंत्रं, घड्याळं यांच्यासाठी. लहान सेल बनवणं तुलनेने सोपं असतं आणि शरीराला चिकटून राहणाऱ्या वस्तूत न पेटणारी बॅटरी असणं महत्त्वाचंही आहे. आजी-आजोबांच्या श्रवणयंत्रासाठी ती आली तर मला फोनपेक्षा त्याचा आनंद जास्त होईल.

सोडियमचं गणित उलटं आहे. सोडियम मुबलक आणि स्वस्त, पण वजनाला जड, त्यामुळे फोनपेक्षा घरातल्या इन्व्हर्टरला आणि तीनचाकीला जास्त जुळणारं. जपानमध्ये एलेकॉमने २०२५ मध्ये सोडियमची ९,००० एमएएचची पॉवर बँक काढली. वजन ३५० ग्रॅमच्या आसपास, पण सुमारे ५,००० वेळा चार्ज करता येईल असं कंपनी सांगते. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं आणि त्यामागे पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेतलं संशोधन आहे. कौतुक करावं असंच हे काम आहे. पण आज घरचा इन्व्हर्टर बंद पडला असेल आणि मुलांची परीक्षा तोंडावर असेल, तर आज मिळतंय ते घ्या. लेड-ॲसिडऐवजी लिथियमची घ्यायची असेल तर तिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेट आहे ना, ते विचारा. ते जास्त उष्णता सोसतं आणि जास्त वर्षं टिकतं. त्यावरचा गाजलेला शोधनिबंध १९९७ चा. घराघरांत पोचायला त्याला किती वेळ लागला, ते तुमच्यासमोर आहे.

दुकानात पॉवर बँक घेताना ती उलटी करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. समोर मोठ्या अक्षरांत १०,००० एमएएच असतं. मागे ‘३७ वॉट-अवर’ लिहिलेलं दिसेल आणि त्याच्या आसपास ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून सहा हजारांच्या जवळपासचा आकडा. फसवणूक नाही ही: आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर वीज ५ व्होल्टने जाते आणि वाटेत थोडी उष्णतेत जाते. म्हणून ५,००० एमएएचचा फोन त्यावर दोनदा भरत नाही, एकदा पूर्ण आणि वर थोडा भरतो. रेटेड कपॅसिटी लिहिलीच नसेल तर ती खाली ठेवा. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून बघा, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. विमानाने जाणार असाल तर वॉट-अवरचाच आकडा कामाला येतो: शंभरपर्यंत चालते, तीही हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात पॉवर बँक कधीच टाकू नका.

जुन्या फोनला नवी बॅटरी टाकतानाही हाच चौकसपणा ठेवा. त्याच आकाराच्या बॅटरीवर दीडपट एमएएच छापलेले दिसले तर तो आकडा खोटा आहे, कारण मूळ कंपनीला तेवढ्या जागेत तेवढं बसवता आलं असतं तर तिने बसवलंच असतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचा हात चांगला असू शकतो, पण सेल कुठून आणला ते तो सांगू शकला पाहिजे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दाखवत असेल तर ८० टक्क्यांच्या खाली गेल्यावर बदलायचा विचार करा. नव्या फोनपेक्षा हा खर्च कितीतरी कमी येतो.

आणि आहे ती बॅटरी जपा. तिचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. ॲपलसारखी कंपनी ३५ अंशांच्या वर फोन वापरू नका असं सांगते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच त्याहून जास्त असतं. दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात नकाशा चालू, डेटा चालू आणि वर चार्जिंगही चालू, ही डिलिव्हरी करणाऱ्या मुलांची रोजची स्थिती आहे. त्यांना एवढंच सांगेन की चार्जिंग सावलीत थांबल्यावर करा, गाडीवर नको. घरात फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय फोनमध्ये असेल तर रात्रीसाठी ती चालू करा, कारण लिथियम-आयनला पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम राहणं सोसत नाही. ‘आधी पूर्ण उतरवायची, मगच लावायची’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता, तो सोडून द्या. एखादी वस्तू महिनोन्‌महिने कपाटात जाणार असेल तर अर्धी भरून ठेवा.

फोनचं मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं, टेबलावर ठेवला की तो डुगडुगायला लागला किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसली, तर बॅटरी फुगली आहे. आत वायू साठला आहे. चार्जिंग ताबडतोब बंद करा आणि फोन दाबून सपाट करू नका. टाचणीने वायू सोडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून फोन परत घ्या. आतला लिथियमयुक्त पदार्थ हवेशी आणि ओलाव्याशी भिडला की आग लागू शकते. फोन लादीवर, गादी-कागदांपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला न्या.

काढलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेटते आणि ती आग सफाई कामगारांच्या अंगावर येते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला ‘ही घ्या’ असं सांगायला संकोचू नका. नेताना तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीतल्या किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाही.